मार्ग आखणारे आणि मार्गावर नजर ठेवणारे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात शिक्षण समितीच्या विद्यमाने दिलेले व्याख्यान)



आपल्या शिक्षण समितीने आम्हांस या व्यासपीठावर उभे केले, त्याबद्दल प्रथम समितीचे आभार मानतो. अशा संमेलनात वक्त्याने इतिहासावर, संतवाङ्मयावर किंवा निदान आरोग्यावर बोलावे असा प्रघात आहे. आमचा विषय त्या मानाने रूक्ष आहे. संगणकांच्या जाळ्यातून माहितीने कोणत्या वाटेने जावे हे ठरविणारी जी यंत्रे, ज्यांस राउटर म्हणतात, त्यांस सूचना लिहून देण्याची आणि त्यांजवर देखरेख ठेवण्याची विद्या प्राथमिक पायरी ओलांडल्यावर पुढे कशी शिकावी, हा तो विषय होय. तो निवडण्यास कारण आहे. मंडळाच्या निधीतून ज्या मुलामुलींस शिक्षणासाठी साहाय्य मिळते, त्यांपैकी कित्येकजण अलीकडे या विद्येकडे वळली आहेत. पहिली परीक्षा ती उत्तीर्ण होतात, पुण्या-मुंबईच्या एखाद्या कचेरीत रात्रपाळीस लागतात, आणि पुष्कळदा तेथेच अडतात.

त्यांच्या आईवडिलांची तक्रार आमच्या कानांवर नेहमी येते. 'एवढे शिकून मुलगी रात्रभर पडद्याकडे पाहत बसते, हे कसले काम?' असे ते विचारतात. मुलांचीही समजूत तीच असते. राउटरास आज्ञा देणारा तो खरा इंजिनिअर आणि पडद्यावरील हिरव्या-तांबड्या खुणा पाहणारा तो पहारेकरी, अशी प्रतवारी या व्यवसायात रूढ झाली आहे. आमच्या मते ही प्रतवारी चुकीची आहे, आणि मुले अडतात ती तिच्यामुळेच. शिकवणीच्या वर्गात आज्ञा पाठ करून घेतात. निरोगी जाळे कसे दिसते, हे मात्र कोणी दाखवीत नाही. नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणतो, ते येथे सांगावयास नको.

ज्यांस या विषयाचा गंध नाही अशी मंडळीही समोर आहेत, म्हणून प्रथम राउटर करतो काय ते सांगू. आपल्या पत्रांवर आपण जो पिनकोड लिहितो, तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्याशी संबंधित असलेले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांची ती योजना. तिचे मर्म असे की, सहा आकडे एकदम वाचण्याची गरज कोणासच पडत नाही. कलकत्त्याच्या टपाल छाननी करणाऱ्यास पहिला आकडा ४ दिसला की पत्र पश्चिमेकडच्या गठ्ठ्यात टाकावयाचे, इतके पुरते. ४११ दिसले की ते पुण्याचे. पुढचे तीन आकडे पुण्यास पोहोचल्यावर पुण्याचा माणूस वाचील. राउटरही असेच करतो. त्याच्याजवळ एक मार्गसूची असते, तिला राउटिंग टेबल म्हणतात. अमुक आकड्यांनी आरंभ होणारे पत्ते अमुक दारातून पाठवावेत, अशा ओळी तीत असतात. एकाच पत्त्यास दोन ओळी लागू पडल्या, तर जिच्यात अधिक आकडे जुळतात ती ओळ ग्राह्य धरावयाची. '४ ने आरंभ होणारी पत्रे उजवीकडे' आणि '४११०३० ची पत्रे डावीकडे' अशा दोन सूचना असल्या, तर ४११०३० चे पत्र डावीकडे जाणार. नियम साधा आहे. पण याच नियमाने एकदा साऱ्या जगाची कशी फजिती केली, ते पुढे येईलच.

ही मार्गसूची हाताने लिहिता येते. चार राउटर असतील तोवर हाताने लिहावीही. चाळीस झाले की माणसाचे हात अपुरे पडतात, आणि मग राउटरांनी आपसांत बोलून ती तयार करावी अशी व्यवस्था लागते. अशा व्यवस्थांपैकी जुनी रिप ही केवळ मध्ये किती मुक्काम लागतात तेवढेच मोजते. वाट घाटाची की सपाटीची, हे तिला कळत नाही, आणि पंधरा मुक्कामांपलीकडचे गाव तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. तिच्या पुढची पायरी ओएसपीएफ. हिच्यात प्रत्येक राउटर साऱ्या प्रदेशाचा नकाशा जवळ बाळगतो आणि त्यावरून सर्वांत स्वस्त वाट स्वतः काढतो. वाट काढण्याची ती रीत एड्सगर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञाची. १९५६ साली अॅमस्टरडॅममध्ये एका उपाहारगृहाच्या गच्चीवर कॉफी घेत असता, कागद-पेन्सिलीवाचून, वीसेक मिनिटांत ती त्यांस सुचली. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली. आज तुमच्या-आमच्या दूरध्वनीवरील संभाषण ज्या यंत्रांतून जाते, त्यांतील कित्येक यंत्रे अष्टौप्रहर तेच गणित करीत आहेत.

ओएसपीएफ चालू करावयास तीन-चार ओळी पुरतात. येथेच विद्यार्थी फसतो. तीन ओळी लिहिल्या, मार्गसूचीत नवे मार्ग आले, झाले शिक्षण! वास्तविक शिक्षणास येथून प्रारंभ व्हावयास हवा. शेजारचा राउटर शेजारी म्हणून मान्य होण्यापूर्वी दोघांत काय काय बोलणे होते, ते पाहावे. दर दहा सेकंदांनी एक नमस्काराचा संदेश जातो; चाळीस सेकंदांत उत्तर आले नाही, तर शेजारी मेला असे समजले जाते. दोघांचे हे आकडे जुळले नाहीत तर शेजारधर्म जमतच नाही. क्षेत्रांचे अंक जुळले नाहीत तरी नाही. परवलीचा शब्द निराळा असला तरी नाही. आणि एका वेळी केवढे पुडके वाहून न्यावे ही मर्यादा, जिला एमटीयू म्हणतात, ती दोन्ही टोकांस निराळी असली, तर फार चमत्कारिक प्रकार होतो. नमस्कार-चमत्कार व्यवस्थित होतात, परंतु नकाशांची देवघेव सुरू होता होता गाडी अडते आणि 'एक्सस्टार्ट' नावाच्या अवस्थेत दोघे तासन्‌तास उभे राहतात. ही मर्यादा तपासूच नये अशीही एक आज्ञा आहे, आणि घाईतला शिकाऊ ती देऊन मोकळा होतो. शेजार जमतो, मार्ग दिसू लागतात. पण मोठी पुडकी मध्येच हरवत राहतात, आणि तक्रार महिन्याने भलत्याच खात्याकडून येते.

याउलट, जेथे काहीच बिघडलेले नाही तेथे बिघाड पाहणारेही पुष्कळ. एकाच स्विचवर पाच राउटर जोडले, तर ओएसपीएफ त्यांतून एक मुखत्यार आणि एक उपमुखत्यार निवडते. बाकीचे तिघे त्या दोघांशी पूर्ण संबंध ठेवतात, आपसांत मात्र 'टू-वे' या अर्ध्या ओळखीवरच थांबतात. त्यांनी तेथेच थांबावयाचे असते. नवखा माणूस ते पाहून घाबरतो, आज्ञा खोडतो, पुन्हा लिहितो, राउटर बंद करून चालू करतो, आणि निरोगी जाळे आजारी पाडतो. निरोगी स्थिती पाहिलेली असणे म्हणजे काय, त्याचे याहून सोपे उदाहरण आम्हांस देता येणार नाही.

आणखी एक बारकावा. वाटेची किंमत काढताना सिस्कोचे राउटर मुळात १०० मेगाबिट वेग हे माप धरून भागाकार करतात. हे माप ठरले त्या काळी १०० मेगाबिट ही चैन होती. आज त्या भागाकाराने १०० मेगाबिटांची तार, १ गिगाबिटाची तार आणि १० गिगाबिटांची तार या तिन्हींची किंमत एकच येते, ती म्हणजे १. बोरघाटातील जुना रस्ता आणि द्रुतगती महामार्ग यांस एकाच मापाने मोजावे, तशातला हा प्रकार. माप बदलता येते. पण ते जाळ्यातील सर्व राउटरांवर बदलावे लागते, नाहीतर निम्मे मैलात मोजतात आणि निम्मे कोसात. पहिल्या परीक्षेत याचे एका गुणाचे उत्तर असते. प्रत्यक्षात जड वाहतूक अरुंद वाटेने चालली आहे, हे ज्याने आलेख पाहिला त्यालाच कळते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी आपणांस जरा दूर, कॅनडा देशात न्यावे लागेल. मध्यम पायरीच्या विद्यार्थ्यास जे प्रकरण सर्वांत अवघड जाते, ते म्हणजे एका व्यवस्थेचे मार्ग दुसऱ्या व्यवस्थेत ओतणे. घरातले जाळे ओएसपीएफसारख्या व्यवस्थेवर चालते. बाहेरच्या जगाशी व्यवहार मात्र बीजीपी नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेने होतो, आणि तिच्याजवळ साऱ्या जगाचे मार्ग असतात. ती यादी आज दहा लाखांच्या आसपास गेली आहे. या दोहोंच्या सांध्यावर गाळणी बसवावी लागते. हवे तेवढे आत घ्यावे, बाकीचे बाहेर ठेवावे. विद्यार्थी ओतण्याची आज्ञा तत्काळ शिकतो. गाळणीला तो कंटाळतो.

८ जुलै २०२२ रोजी पहाटे रॉजर्स या कॅनडातील मोठ्या दूरसंचार कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी मधल्या राउटरांवरील अशीच एक गाळणी काढली. सात टप्प्यांत चाललेल्या सुधारणेचा तो सहावा टप्पा होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले, म्हणून मूळची 'अधिक धोक्याची' ही नोंद उतरवून 'कमी धोका' अशी करण्यात आली होती. गाळणी निघताच मार्गांचा लोंढा जाळ्याच्या गाभ्यातील राउटरांवर कोसळला. अमुक संख्येहून अधिक मार्ग आले तर ते नाकारावेत, असा बांध त्या राउटरांवर घातलेला नव्हता. त्यांची स्मरणशक्ती संपली आणि थोड्याच मिनिटांत ती यंत्रे कोसळली. मोबाईल आणि घरचे इंटरनेट दोन्ही एकाच गाभ्यावर चालत असल्याने १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा एकदम बंद पडली. दुकानांतून बँकेच्या कार्डाने पैसे देता येईनात. संकटकाळी मदत मागण्याच्या ९११ या क्रमांकासही कित्येकांचा संपर्क होईना. हे सुमारे २६ तास चालले.

लोक येथवर सांगून थांबतात आणि 'एका आज्ञेने केवढा अनर्थ!' म्हणून बोटे तोंडात घालतात. आमच्या दृष्टीने खरी शिकवण पुढेच आहे. चूक कोठे झाली, हे कळावयास कंपनीस सुमारे १४ तास लागले. का? राउटरांनी आपल्या नोंदवह्यांत काय लिहिले होते, ते वाचण्याची वाटच बंद झाली होती. देखरेखीचे जाळे ज्या गाभ्यावर अवलंबून होते, तोच गाभा पडलेला. अभियंत्यांचे दूरध्वनीही त्याच कंपनीचे. म्हणून एकमेकांशी बोलणेही दुरापास्त झाले. विहिरीत पडलेल्यास वर काढावयाचा दोर विहिरीतच ठेवावा, तसे ते झाले. या प्रकाराची कॅनडाच्या दूरसंचार नियामक आयोगाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करविली, आणि २०२४ साली तिचा सारांश प्रसिद्ध झाला. इंग्रजीत आहे, लांबलचक नाही. मध्यम परीक्षेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी तो वाचावा, असे आमचे विद्यार्थ्यांस सांगणे आहे.

त्यापूर्वी नऊ महिने, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, फेसबुकची सारी सेवा अशाच रीतीने सुमारे सहा तास बंद पडली होती. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांमधील सर्व मुख्य दुवे तुटले. अशा आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या तपासनीस प्रणालीतच दोष होता, तिने ती अडविली नाही. पुढे बाहेरच्या जगास दिलेले काही आवश्यक मार्गही मागे घेतले गेले, आणि दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर असल्याने माणसांस प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले.

बीजीपीविषयी आता थोडे. १९८९ च्या जानेवारीत कर्क लॉफीड आणि याकोव्ह रेख्तर या दोघांनी जेवणाच्या मेजावर रुमालांवर तिचा पहिला आराखडा काढला, आणि आजही इंटरनेट तिच्यावरच चालते. ती अंतर पाहत नाही. नातेसंबंध आणि व्यवहार पाहते. हा आमचा ग्राहक, हा बरोबरीचा, हा आम्हांस पुरवठा करणारा, अशी प्रत्येकाची पायरी ठरवून वाट निवडते. आपल्याकडच्या सोयरिकी जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांस ती फार लौकर समजावी! तिचा दोष एवढाच की मुळात ती भोळी आहे. शेजारी म्हणेल ते खरे मानते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशात यूट्यूब बंद करण्यासाठी एक मार्ग लिहिला. तो देशातच राहावयाचा. पण बाहेर गेला, आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या पुरवठादाराने तो न तपासता जगास सांगितला. यूट्यूबचा स्वतःचा मार्ग २०८.६५.१५२.० पासूनच्या १०२४ पत्त्यांचा होता, पाकिस्तानचा २०८.६५.१५३.० पासूनच्या केवळ २५६ पत्त्यांचा. म्हणजे अधिक आकडे जुळणारा. पिनकोडाचा तो साधा नियम आठवावा: जगभरच्या राउटरांनी निमूटपणे धाकट्याचे ऐकले, आणि जवळजवळ दोन तास यूट्यूबकडे जाणारी वाहतूक भलतीकडे गेली. यूट्यूबवाल्यांनी उतारा कोणता केला? प्रथम तेवढाच २५६ पत्त्यांचा मार्ग जाहीर केला, आणि नंतर त्याचेही १२८ पत्त्यांचे दोन तुकडे करून ते जाहीर केले. हे ज्यास हसू येऊन समजले, त्यास मार्गनिवडीचा नियम समजला असे खुशाल मानावे. आता मार्गांवर मालकीची सही असावी म्हणून आरपीकेआय नावाची तजवीज झाली आहे. मध्यम पायरीच्या विद्यार्थ्याने ती शिकल्यावाचून राहू नये.

देखरेखीची साधने अनेक आहेत. सर्वांची नावे घेत बसत नाही. परंतु काही गोष्टी अशा आहेत की त्या वर्गात सांगत नाहीत. राउटर आपल्या रोजनिशीत, जिला सिसलॉग म्हणतात, प्रत्येक घटनेस ० ते ७ अशी प्रत लावतो. ० म्हणजे अतिसंकट आणि ७ म्हणजे बारीकसारीक. नोंदी फार येतात म्हणून पुष्कळजण ४ पर्यंतच्याच ठेवतात आणि बाकीच्या टाकून देतात. आता सिस्कोच्या राउटरावर ओएसपीएफचा किंवा बीजीपीचा शेजारी गेला, ही नोंद कोणत्या प्रतीची असते? ५! म्हणजे ज्या बातमीसाठी रोजनिशी ठेवावयाची तीच गाळली जाते. दुसरे, तारेतून किती बाइट गेले हे मोजणारा जुना गणक ३२ बिटांचा. १ गिगाबिटाची तार पूर्ण भरून वाहत असली, तर तो सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी एकदा त्याकडे पाहणाऱ्याचा आलेख सुंदर दिसेल, पण तो निखालस खोटा असेल. तेथे ६४ बिटांचा गणकच घ्यावा. तिसरे, सर्व राउटरांची घड्याळे एकवेळ हवीत. नाहीतर कोण आधी पडला आणि कोण नंतर, या प्रश्नास उत्तर नाही.

सर्वांत घातक गोष्ट निराळीच आहे. आपण मोठ्या हौसेने दोन वाटा बांधतो. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. एक बंद पडते. दुसरी तत्काळ भार उचलते. कोणाचीही तक्रार येत नाही, कारण कोणाचेही काही अडलेले नसते. मग महिनाभर ती पहिली वाट मेलेलीच राहते, आणि एके दिवशी दुसरी तुटते. लोक म्हणतात, दोन्ही वाटा एकदम कशा गेल्या? त्या एकदम गेल्याच नव्हत्या. ज्या मुलीची आई तिच्या रात्रपाळीस नावे ठेवते, त्या मुलीने पहाटे तीन वाजता पहिली नोंद वाचून वरिष्ठास उठविले असते, तर ही दुसरी घटना घडून काहीच बिघडले नसते. मात्र न घडलेल्या अपघाताबद्दल कचेरीत कोणी शाबासकी देत नाही, हेही खरे.

आता अभ्यासाविषयी. सिस्कोच्या परीक्षापद्धतीत २०२० सालापासून वरची परीक्षा देण्यास खालची उत्तीर्ण असण्याची सक्ती उरली नाही. त्यामुळे उडी मारण्याचा मोह वाढला आहे. त्यात बाजारात चोरून मिळणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत. त्या पाठ करून प्रमाणपत्र मिळते, यात शंका नाही. मुलाखतीत समोरचा मनुष्य एवढेच विचारतो की, शेजारी 'एक्सस्टार्ट'मध्ये अडकला आहे, प्रथम काय पाहाल? तेथे यादी कामास येत नाही. अशा याद्यांसाठी आपल्या निधीतील एक पैही जाऊ नये, असे आम्ही समितीस स्पष्ट सांगू इच्छितो.

यंत्रे महाग असतात ही सबब आता उरली नाही. एफआरआर हा मोफत मिळणारा राउटरचा कार्यक्रम लिनक्सवर चालतो. क्वागा या जुन्या कार्यक्रमातून तो २०१७ साली वेगळा झाला. साध्या, जुन्या लॅपटॉपवर त्याचे चार-पाच राउटर मांडता येतात. जीएनएस-३ आहे, सिस्कोचा पॅकेट ट्रेसर आहे. तारेतून जाणारे प्रत्येक पुडके उघडून दाखविणारा वायरशार्क तर विद्यार्थ्याचा गुरूच होय. आमची रीत अशी आहे. तीन राउटरांचा त्रिकोण मांडावा, ओएसपीएफ चालू करावे, आणि मग कशासही हात न लावता निरोगी स्थिती वहीत उतरून घ्यावी: शेजारी किती, कोणत्या अवस्थेत, मार्ग किती, नमस्कार किती सेकंदांनी. नंतर एक बाजू तोडावी आणि हातात घड्याळ धरून बसावे. तार थेट असेल तर तुटल्याचे तत्क्षणी कळते. मध्ये स्विच असेल आणि पलीकडची बाजू गेली, तर या बाजूस काहीच कळत नाही. चाळीस सेकंदांपर्यंत पुडकी खड्ड्यात पडत राहतात. ती चाळीस सेकंदे स्वतः मोजल्यावर ओएसपीएफचे काळमापक आणि बीएफडी ही शीघ्र तपासणी कशासाठी असते, हे निराळे शिकवावे लागत नाही. पुढे एमटीयू बिघडवावे. गाळणीवाचून मार्ग ओतून पाहावेत. बांध घालून पुन्हा ओतावेत. प्रत्येक वेळी रोजनिशीत कोणती ओळ उमटली ती वहीत लिहावी. दूरच्या राउटरास धोक्याची आज्ञा देण्यापूर्वी, दहा मिनिटांनी त्याने आपोआप पूर्वस्थितीवर यावे अशी तजवीज करण्याची सवयही येथेच लागते. सिस्कोमध्ये बदल जतन न करता 'रीलोड इन १०' ही आज्ञा देऊन ती होते, जुनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' ने.

घरी बसून खऱ्या जगाकडेही पाहता येते. ट्रेसराउट ही आज्ञा देऊन आपल्या घरून निघालेले पुडके कोठकोठून जाते ते पाहावे. एके काळी मुंबईतील एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतीलच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास पाठविलेली माहितीसुद्धा परदेशी जाऊन परत येत असे. ते टाळण्यासाठी २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली. आजही एखादे पुडके सिंगापूरचे दर्शन घेऊन दादरला येताना दिसले, तर आश्चर्य मानू नये. का, ते शोधावे. मात्र ध्यानात ठेवावे की ट्रेसराउट केवळ जाण्याची वाट दाखविते. परतीची वाट निराळी असू शकते.

शेवटी समितीपुढे एक मागणी ठेवतो. दुसऱ्या परीक्षेसाठी साहाय्य मागणाऱ्या विद्यार्थ्याकडे पहिल्या परीक्षेचे प्रमाणपत्र मागावेच. पण त्याबरोबर वर सांगितलेली वही मागावी. ती वाचून पाहावयास आम्ही तयार आहोत. ज्ञातिगृहाच्या माडीवरील मागची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. तीन जुने लॅपटॉप, एक स्विच आणि पाच-सहा तारा एवढे तेथे जमले, तर कामास आरंभ होईल. ज्यांच्या घरी असा लॅपटॉप धूळ खात पडला असेल त्यांनी तो आज सायंकाळपर्यंत कार्यालयात आणून द्यावा; त्यावर लिनक्स चढविण्याचे काम आमच्याकडे. रात्रपाळीस जाणाऱ्या मुलामुलींनी मात्र रविवारी सकाळी झोप मोडून येऊ नये. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ मागून घेऊ.